राणीच्या अंतःपुरातील सत्ता : बेडफर्डची काउंटेस ल्यूसी रसेल

सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या राजदरबारात स्त्रीला राज्यकारभारातले कोणतेही पद मिळण्याची सोय नव्हती. राजाला सल्ला देणारे आणि प्रत्यक्ष कारभार हाकणारे प्रिव्ही कौन्सिल हे मंत्रिमंडळ सर्वस्वी पुरुषांचे होते, पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांत स्त्रीला जागा नव्हती, आणि विवाहित स्त्रीची तर कायद्याच्या दृष्टीने पतीहून वेगळी ओळखच उरत नसे. तरीही त्याच दरबारातील नेमणुका, सनदा, सोयरिकी आणि क्षमादाने यांची सूत्रे अनेकदा स्त्रियांच्या हातून हलत होती, हे त्या काळातील पत्रव्यवहार वाचणाऱ्या कोणाच्याही लक्षात येते. ही सूत्रे कशी हलत, त्यासाठी कोणते भांडवल लागे आणि त्याची किंमत शेवटी कोण मोजत असे, हे समजून घेण्यासाठी बेडफर्डची काउंटेस ल्यूसी रसेल (१५८१–१६२७) हिच्या चरित्राइतके बोलके साधन क्वचितच सापडेल. अर्ल ही इंग्लिश सरदारांच्या उतरंडीत ड्यूक आणि मार्क्विस यांच्या खालची पदवी असून अर्लच्या पत्नीस काउंटेस म्हणतात.

मराठी वाचकाला स्ट्युअर्ट घराण्याचा परिचय असतो तो बहुधा १६६१ च्या विवाहकरारामुळे, ज्यान्वये पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाले. या चार्ल्सचा आजोबा पहिला जेम्स हा मूळचा स्कॉटलंडचा राजा. १६०३ मध्ये राणी एलिझाबेथ निपुत्रिक वारल्यावर तो इंग्लंडच्या गादीवर आला आणि त्याच्याबरोबर त्याची पत्नी, डेन्मार्कची राजकन्या अ‍ॅन, ही राणी म्हणून लंडनला आली. ल्यूसीची कारकीर्द या राणीच्या आगमनाशी सुरू होते आणि बऱ्याच अंशी तिच्या मृत्यूबरोबर मावळते. साहित्याच्या इतिहासात ल्यूसीची नोंद जॉन डन, बेन जॉन्सन, सॅम्युएल डॅनिएल आदी कवींची आश्रयदाती अशी केली जाते. ही नोंद खरी आहे, पण तिच्यामुळे ल्यूसीचे खरे काम झाकले जाते. कवींना दिलेला आश्रय हे तिच्या दरबारी कामाचे एक अंग होते. ते काम राजकारणाचे होते आणि त्याला राजकारणच म्हटले पाहिजे.

ल्यूसीचे वडील सर जॉन हॅरिंग्टन हे रटलंड परगण्यातील एक्स्टनचे धनाढ्य जमीनदार, आणि त्यांची आई सिडनी घराण्यातली असल्यामुळे कवी आणि योद्धा म्हणून कीर्ती पावलेला सर फिलिप सिडनी हा त्यांचा मामेभाऊ होता. या नात्याचा ल्यूसीच्या घडणीवर मोठा परिणाम झाला. सिडनी परिवारात विद्या ही पुरुषांची मिरास मानली जात नव्हती. फिलिपची बहीण मेरी, पेम्ब्रोकची काउंटेस, हिने बायबलमधील स्तोत्रांचा केलेला पद्यानुवाद सर्वत्र वाखाणला जात होता, आणि त्यातील काही स्तोत्रांची हस्तलिखित प्रत १६०० मध्ये ल्यूसीला तिच्या एका विद्वान आप्ताने मुद्दाम पाठवली होती. इटालियन भाषेचा पंडित जॉन फ्लोरिओ याने १५९८ मध्ये प्रसिद्ध केलेला इटालियन-इंग्लिश कोश ज्या तिघांना अर्पण केला, त्यांत ल्यूसी एक होती, आणि त्याच फ्लोरिओने माँतेन या फ्रेंच निबंधकाराचा इंग्लिश अनुवाद १६०३ मध्ये छापला तेव्हा त्याच्या अर्पणपत्रिकांत पहिला मान ल्यूसी आणि तिची आई यांना दिला. त्या वेळी ल्यूसी अवघी बावीस वर्षांची होती.

तिचा विवाह मात्र त्याआधीच, डिसेंबर १५९४ मध्ये, वयाची चौदा वर्षेही पूर्ण झालेली नसताना, बेडफर्डचा तिसरा अर्ल एडवर्ड रसेल याच्याशी झाला होता. रसेल घराणे जुने आणि मानाचे, तर हॅरिंग्टन घराणे पैशाने भक्कम. दोघांच्या गरजा एकमेकांना पूरक होत्या. अर्ल मात्र कर्तबगार निघाला नाही. फेब्रुवारी १६०१ मध्ये एसेक्सच्या अर्लने राणी एलिझाबेथविरुद्ध लंडनच्या रस्त्यांवर जे फसलेले बंड केले, त्यात तो सामील झाला. जीव वाचला, परंतु २०,००० पौंडांचा दंड बसला आणि तो पुढे निम्म्यावर आणला गेला तरी दरबाराचे दार त्याला बंद झाले. पती राजद्रोहाच्या छायेत, संपत्ती दंडाच्या ओझ्याखाली, आणि १६०२ मध्ये जन्मलेले पहिले मूल महिन्याभरात गेलेले, अशा अवस्थेत ल्यूसीने १६०३ च्या वसंत ऋतूचे स्वागत केले. पुढच्या काही आठवड्यांत तिने जे धाडस केले त्यामागे महत्त्वाकांक्षेइतकीच घर सावरण्याची निकडही होती, हे विसरून चालणार नाही.

एलिझाबेथचा मृत्यू २४ मार्च १६०३ रोजी झाला. जेम्स आधी दक्षिणेस निघाला आणि राणी अ‍ॅन मागाहून येणार असे ठरले. तिच्या स्वागतासाठी प्रिव्ही कौन्सिलने सरदारस्त्रियांचे एक अधिकृत पथक नेमले आणि त्यांनी स्कॉटलंडच्या सरहद्दीवरील बेरिक येथे थांबून राणीची वाट पाहावी असा आदेश दिला. ल्यूसी या पथकात नव्हती. ती आणि तिची आई स्वतःच्या खर्चाने, कोणाच्याही आज्ञेविना, सरहद्द ओलांडून थेट स्कॉटलंडमध्ये पोहोचल्या, आणि अधिकृत पथक बेरिकला तिष्ठत असताना राणीच्या सहवासात राहिल्या. राणीने ल्यूसीला आपल्या शयनकक्षाच्या परिवारात घेतले. हा मान मिळालेली ती पहिली इंग्लिश सरदारस्त्री होय. त्या वर्षी तेरा वर्षांची असलेली अ‍ॅन क्लिफर्ड पुढे स्वतःच्या वारसाहक्कासाठी राजाविरुद्ध उभी राहिली आणि तिने लिहिलेली रोजनिशी प्रसिद्धही झाली. या नवागत राणीवर लेडी बेडफर्डचे किती वजन आहे आणि त्यामुळे सगळे तिला कसे मानतात, याची नोंद त्या रोजनिशीत आहे.

शयनकक्ष या संस्थेचा अर्थ येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. राजवाड्याची रचना एकापुढे एक दालनांची असे; बाहेरच्या दालनात कोणीही सभ्य पोशाखातला माणूस येऊ शके, त्यापुढच्या दालनांत क्रमाक्रमाने प्रवेश कठीण होत जाई, आणि सर्वांत आतल्या शयनकक्षात फक्त नेमलेल्या व्यक्तींनाच जाता येई. राणीला पोशाख चढवणे, दागिने सांभाळणे, तिच्या आजारपणात आणि बाळंतपणात जवळ असणे ही या स्त्रियांची कामे. परंतु या कामांच्या निमित्ताने लाभणारा एकांत हीच दरबारातील सर्वांत दुर्मीळ वस्तू होती. ज्याला नोकरी हवी, ज्याला सनद हवी, ज्याच्या भावाला कैदेतून सोडवायचे आहे, अशा प्रत्येकाला योग्य क्षणी योग्य शब्द टाकणारी व्यक्ती लागे, आणि तो क्षण फक्त आतल्या माणसालाच ओळखता येई. राणीच्या स्वतंत्र मिळकती होत्या, स्वतंत्र मंडळ होते, सॉमरसेट हाउसमध्ये स्वतंत्र निवास होता, आणि राजाशी तिचे मत नेहमी जुळत होते असेही नाही. त्यामुळे राणीचा परिवार हा राजाच्या दरबाराची नुसती सावली नव्हता. तो एक वेगळा गट होता, आणि त्या गटाच्या दाराशी ल्यूसी उभी होती.

या गटाचे सर्वांत दिमाखदार प्रकटीकरण म्हणजे ‘मास्क’. हा संगीत, काव्य, नृत्य आणि भव्य नेपथ्य यांचा संगम असलेला दरबारी प्रयोग असे, आणि तो बहुधा नाताळ ते जानेवारी या सणाच्या दिवसांत एकदाच होई. संवाद व्यावसायिक नट म्हणत, कारण सरदारस्त्रीने रंगमंचावर बोलणे प्रतिष्ठेला सोडून होते. राणी आणि तिच्या निवडक सख्या देवतांच्या किंवा वीरांगनांच्या वेषात मूकपणे अवतरत, नृत्य करत, आणि शेवटी प्रेक्षकांतील सरदारांना हात देऊन नृत्यात ओढत. राणीसोबत कोण नाचते आणि कोण वगळले जाते, कोणत्या परदेशी वकिलाला निमंत्रण मिळते आणि त्याची खुर्ची राजापासून किती अंतरावर मांडली जाते, हे सारे राजकीय संकेत म्हणून वाचले जाई. ८ जानेवारी १६०४ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे झालेल्या पहिल्या मोठ्या मास्कच्या वेळी स्पेनच्या वकिलाला मान मिळाला म्हणून फ्रान्सचा वकील संतापला, ही घटना त्या काळात कोणाला क्षुल्लक वाटली नाही.

त्या पहिल्या प्रयोगाचा, ‘द व्हिजन ऑफ द ट्वेल्व्ह गॉडेसेस’चा, कवी सॅम्युएल डॅनिएल होता, आणि त्याचे नाव राणीपुढे ठेवले ते ल्यूसीने, छापील आवृत्ती त्याने तिलाच अर्पण केली. बारा देवींपैकी राणी पॅलास झाली आणि ल्यूसी अग्निदेवता व्हेस्टा. वेषभूषेसाठी मृत राणी एलिझाबेथचे पोशाख टॉवरमधील वस्त्रागारातून बाहेर काढून वापरण्यात आले. यात काटकसर होती हे खरे. तथापि जुन्या राणीची वस्त्रे नव्या राणीच्या सख्यांच्या अंगावर पाहताना जमलेल्या सरदारांना राजवट बदलल्याची जाणीव जितकी झाली असेल तितकी कोणत्याही जाहीरनाम्याने झाली नसती.

पुढच्या वर्षी, ६ जानेवारी १६०५ रोजी, व्हाइटहॉल राजवाड्यात बेन जॉन्सनचा ‘द मास्क ऑफ ब्लॅकनेस’ झाला, आणि त्यासाठी दृश्ये व पोशाख रचणारा इनिगो जोन्स पुढे इंग्लंडचा सर्वांत मोठा वास्तुशिल्पी ठरला. राणी त्या वेळी सहा महिन्यांची गरोदर होती. तिने आणि ल्यूसीसह तिच्या अकरा सख्यांनी चेहरे आणि कोपरापर्यंतचे हात काळ्या रंगाने रंगवून नायजर नदीच्या कन्यांचे रूप घेतले. खर्च सुमारे ३,००० पौंड झाला. या रंगामुळे प्रेक्षकांतील काहींना किळस आली आणि डडली कार्ल्टन या मुत्सद्द्याने आपल्या पत्रांत नापसंती व्यक्त केली. आजच्या वाचकाने या प्रयोगाचे कौतुक करताना त्याचे कथानकही विसरू नये: काळी कांती हा दोष मानून ती गोरी करणाऱ्या देशाच्या शोधात या कन्या निघतात आणि तो देश ब्रिटन ठरतो. दरबाराच्या सौंदर्यकल्पनेत वर्णभेद किती सहजपणे मुरलेला होता याचा हा पुरावा आहे, आणि ल्यूसी त्या कल्पनेची नुसती प्रेक्षक नव्हती, सहभागी होती.

यानंतर ‘हायमेनी’ (१६०६), ‘द मास्क ऑफ ब्यूटी’ (१६०८) आणि ‘द मास्क ऑफ क्वीन्स’ (१६०९) या प्रयोगांतही ल्यूसी आघाडीवर दिसते. शेवटच्या प्रयोगात इतिहासपुराणांतील बारा राण्या रंगमंचावर आल्या आणि त्यांत ल्यूसी अ‍ॅमेझॉन योद्ध्यांची राणी पेंथेसिलिया झाली. तिच्या या वेषासाठी इनिगो जोन्सने काढलेले रेखाचित्र आजही उपलब्ध आहे. वोबर्न अ‍ॅबी येथे रसेल घराण्याच्या संग्रहात तिचे मास्कच्या पोशाखातील पूर्णाकृती चित्रही आहे. आपण कोणत्या रूपात लक्षात राहावे याची निवड तिने स्वतः केली होती आणि ते रूप नृत्यासाठी सजलेल्या, राणीच्या निकट उभ्या असलेल्या स्त्रीचे होते.

दरबारातील ही जवळीक ल्यूसीने ज्यांच्यासाठी खर्ची घातली त्यांत कवी लक्षणीय होते. जॉन्सनने तिच्यावर तीन लघुकाव्ये लिहिली, आणि त्यांतले एक त्याने डनच्या उपरोधिक काव्यांच्या हस्तलिखिताबरोबर तिला पाठवले. डनची ही काव्ये छापलेली नव्हती आणि ल्यूसीने ती मागितली होती, यावरून तिच्या अभिरुचीची धार कळते. १६०५ मध्ये ‘ईस्टवर्ड हो’ या नाटकातील स्कॉटिश लोकांवरच्या टीकेमुळे जॉन्सन तुरुंगात पडला, तेव्हा त्याने सुटकेसाठी ज्या अनाम काउंटेसला पत्र लिहिले ती ल्यूसीच असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. सर्वच कवी संतुष्ट राहिले असे मात्र नाही. मायकेल ड्रेटनने १५९६ मध्ये आपले मोठे काव्य तिला अर्पण केले होते. १६०३ मध्ये त्याचे नवे रूप छापताना त्याने तिची स्तुती वगळली, आणि पुढे एका गोपगीतात एका विश्वासघातकी आश्रयदातीवर केलेला हल्ला तिच्यावरच आहे असे मानले जाते.

१६०८ च्या सुमारास तिने लंडनजवळ थेम्सकाठचे ट्विकनम पार्क हे निवासस्थान घेतले. फ्रान्सिस बेकन पूर्वी तेथे राहत असे. रॉबर्ट स्मिथसन या वास्तुतज्ज्ञाने काढलेल्या आराखड्यात तेथील बाग दिसते: चौकोनी आवारात वृक्षांची आणि कुंपणझाडांची एकात एक वर्तुळे, ज्यांत पृथ्वीला केंद्र मानणाऱ्या जुन्या खगोलशास्त्रातील ग्रहकक्षांची प्रतिकृती अभ्यासकांना दिसते. डनच्या ‘ट्विकनम गार्डन’ या कवितेचे स्थळ हेच. ल्यूसी १६०८ मध्ये डनच्या मुलीची धर्ममाता झाली आणि मुलीला तिचेच नाव दिले गेले. डनच्या एका पत्रात, बागेत तिने आपल्याला स्वतःच्या ज्या कविता दाखवल्या त्यांची प्रत मिळावी, अशी विनंती आहे. म्हणजे ती स्वतः कविता लिहीत होती आणि त्या निवडक लोकांनाच दाखवत होती. १६०९ साली तिच्या दोन आप्त स्त्रिया, लेडी मार्कम आणि सेसिलिया बुलस्ट्रोड, ट्विकनम येथे वारल्या आणि डनने दोघींवर विलापिका रचल्या. मृत्यूला दोष देणाऱ्या डनच्या भूमिकेला शांतपणे खोडून काढणारी एक विलापिका काही हस्तलिखितांत ल्यूसीच्या आद्याक्षरांसह आढळते. ती तिचीच असेल तर तिच्या काव्याचा एवढाच अंश हाती राहिला आहे. इतरांच्या शेकडो ओळींत जिची प्रशंसा आहे तिची स्वतःची जेमतेम एक कविता उरावी, ही इंग्रजी काव्याची हानी आहे.

याच ट्विकनमच्या वर्तुळातून एक धागा थेट हिंदुस्थानात येतो. सेसिलिया बुलस्ट्रोडशी ज्याचा स्नेह होता असे मानतात तो सर थॉमस रो हा पुढे राजा जेम्सचा वकील म्हणून सप्टेंबर १६१५ मध्ये सुरतेस उतरला, बुऱ्हाणपूर येथे शाहजादा परवेझला भेटला आणि नंतर बादशहा जहांगीराच्या दरबारी राहिला. त्या वेळी परवेझ ज्या दख्खनच्या मोहिमेवर नेमलेला होता तिच्यासमोर निजामशाहीचा मलिक अंबर उभा होता. इंग्लंडमधल्या आणि मोगलांच्या दरबारांची तुलना रोच्या रोजनिशीत वारंवार येते. प्रवेश कोणाला मिळतो, नजराणा कोणामार्फत पोहोचतो, अंतःपुराचे वजन किती, हे प्रश्न त्याला अजमेरच्या वाटेवर सुचले नव्हते, ते तो घरून शिकून आला होता. जहांगीराच्या दरबारी नूरजहानचा प्रभाव त्याने इतक्या लवकर ओळखला याचे एक कारण हे असू शकते.

नोव्हेंबर १६१२ मध्ये ल्यूसी गंभीर आजारी पडली. राजवैद्य थिओडोर द मायर्न याने तिच्यावर उपचार केले, आणि जॉन बर्जेस हा प्युरिटन धर्मोपदेशक तिच्या शय्येपाशी होता. प्युरिटन म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधील उरलेसुरले कॅथलिक अवशेष काढून टाकून आचरणाची शुद्धी मागणारा पंथ. ती बरी होऊन दरबारी परतली तेव्हा तिने चेहऱ्याला रंग लावणे सोडले होते, आणि रंगलेल्या इतर चेहऱ्यांत ती निराळीच दिसते असे जॉन चेंबरलेन या बातमीदार पत्रलेखकाने कळवले. मास्कच्या राणीचा हा बदल लोकांना आश्चर्याचा वाटला, पण हॅरिंग्टनांच्या घरात धर्मनिष्ठा नवी नव्हती. आता मात्र मृत्यू त्या घराच्या पाठीस लागला. राजा जेम्सची मुलगी राजकन्या एलिझाबेथ हिचे संगोपन ल्यूसीच्या वडिलांकडे, कव्हेंट्रीजवळील कूम अ‍ॅबी येथे, सोपवलेले होते. पार्लमेंट उडवून देण्याच्या १६०५ च्या बारूद कटात कटवाल्यांनी तिलाच पळवण्याचा बेत केला होता आणि हॅरिंग्टनांनी तिला वेळीच कव्हेंट्रीत हलवले. फेब्रुवारी १६१३ मध्ये तिचा विवाह जर्मनीतील पॅलाटिनेटच्या शासकाशी झाल्यावर वृद्ध हॅरिंग्टन तिला पोहोचवायला हायडेलबर्गला गेले आणि परतताना ऑगस्टमध्ये वर्म्स येथे वारले. सहा महिन्यांत ल्यूसीचा एकुलता भाऊ जॉन देवीच्या रोगाने गेला. त्याच सुमारास अर्ल घोड्यावरून पडून कायमचा पंगू झाला. १६१० मध्ये जन्मलेले दुसरे मूल दोन तासही जगले नव्हते. रसेलांचा वारस जन्मण्याची आशा आता संपली.

भावाने आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा ल्यूसीला दिला, परंतु त्या मिळकतीवर वडिलांच्या कर्जाचा डोंगर होता. त्या काळी सांगितला जाणारा आकडा सुमारे ४०,००० पौंडांचा होता. राजकन्येचे संगोपन आणि तिच्या विवाहातील इतमाम यांसाठी मिळालेला भत्ता अपुरा पडला होता, आणि भरपाई म्हणून राजाने हॅरिंग्टनांना तांब्याची फार्दिंग नाणी पाडण्याचा मक्ता दिला होता. लोक त्या नाण्यांना ‘हॅरिंग्टन’ म्हणत. भावाच्या मृत्यूवर डनने लांबलचक शोककाव्य लिहिले आणि ल्यूसीने डनचे कर्ज फेडण्याचे आश्वासन दिले आहे असे तो समजत होता. प्रत्यक्षात तिने ३० पौंड पाठवले. डनचे चरित्रकार यावरून तिला दोष देतात. दोष देताना तिच्या दाराशी उभे असलेले सावकारही मोजायला हवेत. डनच्या पदरात आलेले ते ३० पौंड गहाण पडलेल्या घरातून निघाले होते, आणि १६१५ मध्ये त्याने धर्मदीक्षा घेतली त्यासंबंधी तिच्या मनात जी शंका होती ती बर्जेसने पेरली असली तरी अप्रामाणिक नव्हती.

या संकटांच्या मध्यावर तिने आपले सर्वांत मोठे राजकीय काम पार पाडले, किंवा निदान त्यात महत्त्वाचा हात दिला. राजाचा लाडका रॉबर्ट कार, सॉमरसेटचा अर्ल, आणि त्याच्या पाठीशी असलेले हॉवर्ड घराणे यांचे वर्चस्व मोडण्यासाठी पेम्ब्रोकचा अर्ल आणि कँटरबरीचा आर्चबिशप अ‍ॅबट यांनी जॉर्ज व्हिलिअर्स या देखण्या तरुणाला राजापुढे आणले. नवा लाडका नेमताना राणीनेच त्याची शिफारस करावी अशी जेम्सची रीत होती, आणि राणी व्हिलिअर्सबद्दल साशंक होती. तिचे मन वळवणाऱ्यांत अ‍ॅबट होता हे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, आणि या गटात ल्यूसीची जागा निश्चित होती. २३ एप्रिल १६१५ रोजी राणीच्या दालनात व्हिलिअर्सला नाइट करण्यात आले. त्याच वर्षी सॉमरसेटचा एकेकाळचा मित्र सर थॉमस ओव्हरबरी याच्यावरील विषप्रयोगाचे प्रकरण फुटले आणि सॉमरसेट पतिपत्नी कैदेत गेली. पुढे बकिंगहॅमचा ड्यूक झालेला व्हिलिअर्स देशाचा कर्ताकरविता बनला, आणि ज्यांनी त्याला आणले त्यांचाच तो प्रतिस्पर्धी ठरला. वडिलार्जित इस्टेटींपैकी बर्ली त्यानेच ल्यूसीकडून विकत घेतली, आणि कूम अ‍ॅबी १६२२ मध्ये क्रेव्हन घराण्याकडे गेली. दरबारात राहण्याची किंमत जमिनीच्या रूपात भरली गेली, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

राणी अ‍ॅन २ मार्च १६१९ रोजी वारली आणि तिचा परिवार विसर्जित झाला. त्याच वर्षी ल्यूसीला देवी आल्या व एका डोळ्याची दृष्टी गेली. यानंतर ती दरबारापासून दूर होत गेली, तरी पूर्णपणे निवृत्त झाली नाही. बोहेमियाची राणी म्हणून मुकुट मिळवून एका वर्षात तो गमावलेली एलिझाबेथ हेग येथे निर्वासित होऊन राहत होती, आणि १६२१ मध्ये ल्यूसी तिला भेटायला समुद्र ओलांडून गेली; ज्या मुलीला वाढवण्यात हॅरिंग्टनांचे सर्वस्व खर्च झाले तिचा पक्ष इंग्लंडमध्ये लावून धरणाऱ्यांत ती अखेरपर्यंत होती. हर्टफर्डशरमधील मूर पार्क येथे १६१७ नंतर तिने उतारावर पायऱ्यापायऱ्यांची बाग रचली, आणि सर विल्यम टेंपल याने १६८५ मध्ये लिहिलेल्या उद्यानविषयक निबंधात आपण पाहिलेल्या बागांत ही सर्वांत परिपूर्ण असल्याची साक्ष दिली. मूर पार्कच्या त्याच वर्षांत ल्यूसी हान्स होल्बाइन या चित्रकाराची चित्रे जमवू लागली, आणि अरुंडेलच्या अर्लसारख्या बड्या संग्राहकाआधी ती आपल्या हाती यावीत म्हणून मैत्रीण जेन कॉर्नवॉलिस हिच्या चित्रकार पतीमार्फत खटपट करत होती. खर्च करण्याची तिची सवय कर्जाने सुटली नाही, हा तिच्या चरित्रातील खरा दोष म्हणता येईल. मात्र त्या काळात प्रतिष्ठा दाखवल्यावाचून पत टिकत नसे, आणि पतीच्या मागे बसून राहिली असती तर रसेलांचे नाव १६०१ च्या बंडाबरोबरच मागे पडले असते.

अर्ल ३ मे १६२७ रोजी वारला. त्याच महिन्याच्या २६ तारखेला मूर पार्क येथे ल्यूसीचाही मृत्यू झाला. तिचे दफन रसेलांच्या चेनीज येथे झाले नाही. ती एक्स्टन येथे आपल्या माहेरच्या माणसांत पुरली गेली. बेडफर्डची पदवी अर्लच्या चुलत घराण्याकडे गेली. जेन कॉर्नवॉलिसला तिने लिहिलेली पत्रे १८४२ मध्ये छापली गेली, आणि त्यांत आजारपणे, सोयरिकी, दरबारातल्या नेमणुका, सावकारांचा तगादा, भावाच्या मृत्यूचे दुःख आणि चित्रांची हाव हे सारे एकाच स्थिर, स्पष्ट आवाजात येते. डनच्या आणि जॉन्सनच्या कवितांतून तिला ओळखणाऱ्यांनी ती पत्रे आधी वाचावीत आणि मग कवितांकडे वळावे.